एका कंटेनरला ‘वाचण्याची’ परवानगी देताना

आमच्या पुण्यातील संशोधन संस्थेत साठवणुकीचा एक जुना सर्व्हर आहे. सूक्ष्मदर्शकाने टिपलेली छायाचित्रे, मोजमापांच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि ते प्रबंध जमवताना झालेला सगळा पसारा मिळून त्यावर सुमारे 70 लाख फायली साठल्या आहेत, आणि प्रयोगशाळांतील संगणकांना त्या एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटण्याच्या पद्धतीने, वाटल्या जातात. हे काम वर्षानुवर्षे लिनक्सच्या कर्नलमधलाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलाच, एनएफएस सर्व्हर बिनबोभाट करत होता. पुढे सर्व सेवा कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राचेच कर्नल वापरणाऱ्या पण एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यांत, हलवायच्या असा निर्णय झाला, तेव्हा ही सेवाही त्या यादीत आली, आणि कर्नलच्या बाहेर एखाद्या साध्या प्रोग्रामसारखा चालणारा ‘गणेशा’ हा एनएफएस सर्व्हर मी तिच्यासाठी निवडला. नाव ऐकून आमच्या विभागात सर्वांनाच तो शुभशकुन वाटला होता.

कंटेनर सुरू झाला, पण वाटप काही सुरू होईना. लॉगमध्ये ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ ही एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. डिरेक्टरीची मालकी, तिच्यावरचे हक्क, डिस्क कंटेनरला कशी जोडली आहे, हे सर्व तपासून झाल्यावर मी एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या, म्हणजे सिस्टिम कॉल, दाखवणारे साधन) लावून पाहिले, तेव्हा शेकडो सिस्टिम कॉलपैकी फक्त एकालाच कर्नल नकार देत असल्याचे दिसले. तो कॉल म्हणजे ‘ओपन बाय हँडल ॲट’. इतकी वर्षे हे काम करूनही त्या कॉलचे नाव मी तोवर केवळ वाचलेले होते.

एनएफएस सर्व्हरला हा कॉल का लागतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. नेहमी आपण फाइल उघडतो ती तिच्या पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या डिरेक्टरीत, त्यातल्या कोणत्या डिरेक्टरीत, आणि मग फाइल कोणती, या क्रमाने. एनएफएसची मूळ मांडणी मात्र अशी आहे की सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी क्लायंटचे, म्हणजे फायली मागणाऱ्या संगणकाचे, काम अडू नये. म्हणून सर्व्हर प्रत्येक फाइलसाठी क्लायंटच्या हाती एक छोटी चिठ्ठी देतो, तिलाच फाइल हँडल म्हणतात. पुढच्या वेळी क्लायंट पत्ता सांगत नाही, ती चिठ्ठीच दाखवतो. कर्नलमधल्या सर्व्हरला चिठ्ठीवरून फाइल शोधणे घरचेच काम असते, परंतु बाहेरच्या प्रोग्रामला त्यासाठी कर्नलकडे यावे लागते. त्याच कारणाने 2011 मध्ये लिनक्स 2.6.39 या आवृत्तीत दोन कॉल आले. ‘नेम टू हँडल ॲट’ हा पत्त्यावरून चिठ्ठी लिहून देतो आणि ‘ओपन बाय हँडल ॲट’ हा चिठ्ठीवरून फाइल उघडून देतो. पहिला कोणालाही वापरता येतो. दुसऱ्यासाठी ‘कॅप डॅक रीड सर्च’ नावाची कॅपॅबिलिटी, म्हणजे कर्नलकडून मिळणारा एक विशेष अधिकार, लागते, आणि कंटेनरला ती मुळात दिलेलीच नसते.

उपाय एका ओळीचा होता. कंटेनर सुरू करण्याच्या आज्ञेत ती कॅपॅबिलिटी वाढवली, आणि दोन मिनिटांत वाटप सुरू झाले. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचा सेकॉम्पचा, म्हणजे कोणते सिस्टिम कॉल चालू द्यायचे हे ठरवणारा, नेहमीचा नियमसंचही या कॉलला त्याच कॅपॅबिलिटीच्या अटीवर सोडतो, त्यामुळे तिथेही वेगळे काही करावे लागले नाही. मी समाधानाने बदलाचा अर्ज भरला आणि कारणाच्या रकान्यात ‘फायली वाचण्याची जादा परवानगी’ असे लिहून तो सुरक्षा विभागाकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमचा फोन आला. “सर, तुमच्या अर्जात वाचण्याची परवानगी मागितली आहे. कशाच्या वाचनाची, ते कुठेच लिहिलेलं नाही.”

“मॅडम, जी डिरेक्टरी वाटायची आहे, तिच्याच. कंटेनरला दुसरी डिरेक्टरी जोडलेलीच नाही.”

“मग तेवढं एकदा सिद्ध करून दाखवा, मी लगेच सही करते.”

मला तो दप्तरी हट्ट वाटला. अर्ध्या तासाचे काम समजून मी चाचणीच्या यंत्रावर बसलो, आणि त्या अर्ध्या तासाचे पुढे तीन आठवडे झाले.

मूळ अडचण कॅपॅबिलिटीच्या नावातच आहे. लिनक्सने रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराचे 41 तुकडे केलेले आहेत, आणि त्यांपैकी हा तुकडा नावावरून निरुपद्रवी भासतो, कारण त्यात वाचणे आणि शोधणे एवढेच आहे. परंतु फाइलवरचे आपले नेहमीचे संरक्षण केवळ त्या फाइलवर नसते, ते तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरही असते. जुन्या वाड्यात माजघरातल्या फडताळाला कुलूप नसले तरी दिंडी दरवाजा, चौक आणि ओसरी ओलांडल्याखेरीज तिथे कोणी पोहोचत नाही, म्हणून ते सुरक्षित राहते. डिरेक्टरींचेही तसेच आहे, आणि कंटेनर तर या कल्पनेवरच उभा आहे. त्याला यजमान यंत्राच्या फायली दिसत नाहीत त्या तिथपर्यंत जाणारी वाट त्याच्या जगात नाही म्हणून, एरवी त्या त्याच डिस्कवर असतात. हँडलला वाटेची गरजच नसते. सिटी सर्व्हे नंबर सांगितला की घर सापडते, गल्ली ठाऊक नसली तरी चालते. तेव्हा हा कॉल मोकळा करणे म्हणजे एका डिरेक्टरीची परवानगी देणे नव्हे, ती डिरेक्टरी ज्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवरच्या फायलींच्या सलग मांडणीवर) आहे त्या संपूर्ण फाइल सिस्टिमची परवानगी देणे होय. कर्नल या कॉलसाठी एवढा मोठा अधिकार का मागतो, हे मला त्या दिवशी कळले.

ही गोष्ट नवी नाही. जून 2014 मध्ये सेबास्टियन क्रामर या सुरक्षा संशोधकाने ‘शॉकर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला होता, आणि तो कंटेनरच्या आतून यजमान यंत्राची पासवर्डची फाइल वाचून दाखवत असे. त्या वेळच्या डॉकरच्या 0.11 पर्यंतच्या आवृत्त्या काही ठरावीक कॅपॅबिलिटी काढून घेत आणि उरलेल्या सर्व कंटेनरला ठेवू देत, आणि या उरलेल्यांत ही एक राहून गेली होती. 1.0 मध्ये पद्धत उलटी झाली, मोजक्या द्यायच्या आणि बाकी सर्व काढून घ्यायच्या, त्यामुळे ती वाट बंद झाली. म्हणजे 2014 मध्येच दुरुस्त झालेली चूक मी माझ्या हाताने, एका ओळीत, परत आणली होती.

चाचणीसाठी मी उबुंटू 22.04 असलेले एक यंत्र घेतले. त्यावर 5.15 हे कर्नल होते आणि मुळाशी ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम. आमच्या खऱ्या सर्व्हरप्रमाणेच इथेही वाटपाची डिरेक्टरी आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकाच फाइल सिस्टिमवर ठेवली. मग पन्नासेक ओळींचा एक सी प्रोग्राम लिहून तो कंटेनरच्या आत चालवला. ईएक्सटी4 चे हँडल जेमतेम 8 बाइटचे असते. त्यातले 4 बाइट आयनोड क्रमांकाचे, म्हणजे फाइल सिस्टिममधल्या त्या फाइलच्या नोंदीच्या क्रमांकाचे, असतात आणि 4 बाइट ‘जनरेशन’ या दुसऱ्या क्रमांकाचे. एखादी फाइल काढून टाकल्यावर तिचा आयनोड दुसऱ्या फाइलला दिला जातो, तेव्हा जुनी चिठ्ठी नव्या फाइलवर चालू नये म्हणून हा दुसरा क्रमांक बदलतो. घर पाडून त्याच नंबरावर दुसरे घर बांधले, तर जुन्या मालकाची किल्ली तिथे लागता कामा नये, तसे हे आहे. हे ऐकून वाटते की चिठ्ठी बनावट करणे अवघड असेल, कारण 32 बिटांचा तो क्रमांक ओळखायचा तर 429 कोटींहून अधिक शक्यता तपासाव्या लागतील. पण ईएक्सटी4 मध्ये जनरेशनच्या जागी शून्य लिहिले, तर ही तपासणी होतच नाही. शिवाय मूळ, म्हणजे सर्वांत वरच्या, डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक नेहमी 2 असतो. म्हणून बनावट चिठ्ठीवर 2 आणि 0 एवढेच लिहायचे, अंदाज बांधण्याचा प्रश्नच उरत नाही. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम अशी सवलत देत नाही, तिथे जनरेशन जुळला नाही तर ‘स्टेल फाइल हँडल’ म्हणून चिठ्ठी परत येते. तरीही गुप्त राहील अशा हेतूने हा क्रमांक कोणी बनवलेला नाही, तेव्हा त्याच्यावर सुरक्षेची भिस्त ठेवणे मला पटत नाही.

प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. कंटेनरच्या आत बसून मी यजमान यंत्राची मूळ डिरेक्टरी उघडली होती. तिथून पुढे नेहमीच्या पत्त्याने शॅडो या पासवर्डच्या फाइलपर्यंत गेलो आणि ती वाचली. नंतर सहज म्हणून ती लिहिण्यासाठी उघडून पाहिली, तर तीही उघडली. कॅपॅबिलिटी वाचण्याची होती हे खरे, पण आमचा कंटेनर यूजर नेमस्पेसशिवाय (वापरकर्त्यांची स्वतःची वेगळी यादी नसताना) चालत होता, म्हणजे त्यातला रूट हाच यजमानाचा रूट होता, आणि शॅडो फाइलच्या मालकाला ती लिहिता येतेच. एकदा वाट ओलांडली की पुढे लिहिण्यापासून अडवणारे कोणी शिल्लक राहिले नव्हते. एसईलिनक्स ही जादा सुरक्षा व्यवस्था लावलेल्या यंत्रावर लेबलच्या तपासणीने हा प्रयत्न अडला असता, पण आमच्याकडे एसईलिनक्स नव्हते.

मी मॅडमना फोन करून ‘सिद्ध झाले, पण उलटे’ असे कळवले. त्या हसल्या नाहीत. “आता पर्याय काय आहेत, ते लिहून द्या,” एवढेच म्हणाल्या.

पहिला पर्याय मला उघड वाटला. फाइल सिस्टिम हीच जर खरी हद्द असेल, तर वाटपाच्या फायलींना स्वतःची फाइल सिस्टिम द्यावी, म्हणजे चिठ्ठी कितीही बनावट केली तरी ती त्या हद्दीबाहेर जाणार नाही. एनएफएस चालवणाऱ्यांना हा विचार जुन्या काळापासून परिचित आहे. कर्नलमधल्या एनएफएस सर्व्हरच्या निर्यातीत, म्हणजे वाटपाच्या नोंदीत, ‘सबट्री चेक’ नावाचा पर्याय असतो, आणि फाइल सिस्टिमचा काही भागच वाटलेला असेल, तर क्लायंटने दाखवलेले हँडल त्याच भागातले आहे ना, हे तो तपासतो. पण ही तपासणी किचकट आहे, आणि क्लायंटने फाइल उघडी ठेवलेली असताना तिचे नाव बदलले किंवा ती दुसरीकडे हलवली की गोंधळ उडतो. म्हणून एनएफएस-युटिल्स या साधनसंचाच्या 1.1.0 या आवृत्तीपासून, वेगळे काही सांगितले नाही तर ती न करणे, असेच ठरवण्यात आले. सुरक्षा सैल झाली, सोय वाढली, आणि हद्द हवी असेल तर वेगळी फाइल सिस्टिम करा, असा व्यवहार ठरला. मी स्वतः कित्येक वर्षे ती तपासणी बंद ठेवून निर्यात करत आलो होतो, आणि तिचा अर्थ एकदाही विचारला नव्हता.

चाचणीच्या यंत्रावर मी स्वतंत्र लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा वेगळा विभाग, काढून फायली तिच्यावर हलवल्या आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. अपेक्षेप्रमाणे 2 आणि 0 या चिठ्ठीवर आता त्या व्हॉल्यूमचीच मूळ डिरेक्टरी उघडली, यजमानाची नव्हे. मी अहवाल लिहायला घेतला. त्यात कंटेनरला काय काय जोडलेले आहे, याची यादी हवी म्हणून ती आतूनच काढली, तेव्हा वाटपाच्या डिरेक्टरीखेरीज आणखी तीन ओळी दिसल्या. ईटीसी या डिरेक्टरीमधल्या होस्ट्स, होस्टनेम आणि रिझॉल्व्ह कॉन्फ या त्या तीन लहानशा फायली. डॉकर त्या प्रत्येक कंटेनरसाठी यजमानावर स्वतःच्या डिरेक्टरीत तयार करतो आणि बाइंड माउंटने, म्हणजे यजमानावरची तीच फाइल आतही दिसेल अशा रीतीने, आत जोडतो. ती डिरेक्टरी अर्थातच यजमानाच्या मूळ फाइल सिस्टिमवर असते.

‘ओपन बाय हँडल ॲट’ला चिठ्ठीबरोबर एक उघडी फाइल दाखवावी लागते, म्हणजे शोध कोणत्या फाइल सिस्टिमवर घ्यायचा हे कर्नलला कळते. त्यासाठी डिरेक्टरीच लागते असे नाही, दोन ओळींची होस्ट्स फाइलही पुरते. मी प्रोग्राममधला एक पत्ता बदलला आणि यजमानाची मूळ डिरेक्टरी पुन्हा समोर आली. (2014 मधल्या शॉकरनेही डॉकरने आत जोडलेल्या अशाच एका फाइलचा आधार घेतला होता, हे मी आधी वाचले होते, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.) अहवाल अर्धा लिहून झाला होता, तो तसाच बाजूला ठेवला.

डॉकरची डिरेक्टरीही वेगळ्या फाइल सिस्टिमवर नेता आली असती. मग ऑपरेटिंग सिस्टिम बचावली असती, पण बाकीच्या सर्व कंटेनरांच्या फायली त्या नव्या हद्दीच्या आत राहिल्या असत्या. त्यांपैकी एका कंटेनरमध्ये आमची लॉगिनची सेवा चालते.

दुसरा पर्याय आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवला. “सर, कंटेनर रूटलेस चालवू या. आतला रूट बाहेर साधा वापरकर्ता असेल, मग कॅपॅबिलिटी देऊन टाकली तरी काय बिघडणार?” बिघडणार काहीच नव्हते, पण चालणारही नव्हते. आमच्या कर्नलमध्ये हा कॉल मूळ नेमस्पेसमधलीच कॅपॅबिलिटी ग्राह्य धरतो, यूजर नेमस्पेसच्या आतल्या रूटकडे ती असली तरी तिला इथे किंमत नसते. त्यावर त्याने मला एक बातमी दिली, की 2024 मध्ये आलेल्या 6.11 या कर्नलमध्ये नेमकी हीच अट सैल झाली आहे.

हा बदल मी बारकाईने वाचला, आणि सैल करणे म्हणजे काय असावे, याचा तो मला चांगला नमुना वाटतो. तो कर्नलचे विकासक ख्रिश्चन ब्राउनर यांनी आणला. सीग्रुपची (प्रक्रियांचे गट सांभाळणारी) फाइल सिस्टिम आणि फायलींतल्या हालचाली कळवणारे फॅनोटिफाय या दोन सोयी हँडल हाती देतात, पण ती हँडल कंटेनरमध्ये उघडताच येत नाहीत, ही त्यामागची गरज होती. कॅपॅबिलिटीची अट सरसकट उठवली असती, तर शॉकर सर्वांसाठीच मोकळा झाला असता. त्याऐवजी कर्नल आता त्या चिठ्ठीपर्यंत जाणारी वाट स्वतः तपासतो. मागणाऱ्याचा त्या फाइल सिस्टिमवर किंवा निदान त्या माउंटवर अधिकार हवा. माउंटवरच असेल, तर मागितलेली डिरेक्टरी त्या माउंटच्या आतली हवी आणि वाटेवर झाकलेला, कुलूपबंद माउंट नको. शिवाय तिथून वरपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीचा मालक मागणाऱ्याच्या नेमस्पेसमध्ये ओळखीचा हवा. जो माणूस चालत तिथे पोहोचू शकला असता, त्यालाच नंबर सांगून आत जाता येते. आणि ही सूट फक्त डिरेक्टरींनाच आहे. डिरेक्टरीला वर जाणारी वाट एकच असते. साध्या फाइलला अनेक हार्ड लिंक, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची अनेक नावे, असू शकतात, आणि तिची वाट कर्नलला त्या क्षणी ठाऊक असेलच असे नाही. मग आज नाकारलेली चिठ्ठी उद्या चालली असती, आणि असा लहरी कॉल कोणाला नको होता. एखादा आयनोड अस्तित्वात आहे की नाही, याचा अंदाज उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून बांधता येईल, हा धोकाही चर्चेत आला होता आणि तो पत्करण्याजोगा ठरवला गेला. किंमत मोजली आहे, हे लपवलेले नाही, आणि मला ते अधिक विश्वासार्ह वाटते.

डेबियन 13 वर, म्हणजे 6.12 या कर्नलवर, मी साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसमध्ये माझी एक डिरेक्टरी बाइंड माउंट करून हे पडताळून पाहिले. तिच्या आतली डिरेक्टरी हँडलवरून उघडली, तिच्या बाहेरची नाकारली गेली, आणि आतलीच साधी फाइल मागितली तेव्हाही नकारच आला. बदल अगदी नेमका उतरला होता, आणि आमच्या कामाचा नव्हता, कारण एनएफएस सर्व्हरला डिरेक्टरीइतक्याच, किंबहुना अधिक, फायली उघडाव्या लागतात. माझा तरुण सहकारी जरा हिरमुसला. मी मात्र मनातून सुटकेचा श्वास सोडला, कारण तो बदल चालला असता, तर 70 लाख फायलींसाठी सर्व्हरचे कर्नल घाईने बदलण्याचा आग्रह मला दुसऱ्या दिवशीच ऐकावा लागला असता.

शेवटी वाटपाची सेवा कंटेनरमधून बाहेर काढून एका लहान व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे स्वतःचे कर्नल असलेल्या आभासी यंत्रात, ठेवली. वाटपाची डिस्क त्याच मशिनला जोडली आहे आणि तिथे दुसरी एकही सेवा नाही. आत गणेशा पूर्ण अधिकाराने चालतो. चिठ्ठी बनावट करून कोणी पार मुळापर्यंत गेले, तरी त्याला त्याच छायाचित्रांची डिस्क आणि एक ओकीबोकी ऑपरेटिंग सिस्टिम मिळेल. याची किंमतही कमी नाही. 4 जीबी मेमरी कायमची अडकली, सुरक्षा दुरुस्त्या लावायचे यंत्र एकाने वाढले, आणि ‘सर्व सेवा कंटेनरमध्ये’ या निर्णयाला अपवाद मागण्यासाठी मला बैठकीत वीस मिनिटे उभे राहून बोलावे लागले. तिथे एका वरिष्ठांनी विचारले, की मागे हीच सेवा कंटेनरमध्ये दोन मिनिटांत चालली होती ना. चालली होती, असे मी सांगितले, आणि मग होस्ट्स फाइलचा प्रयोग पडद्यावर करून दाखवला.

मूळ अर्ज मी मागे घेतला. नव्या अर्जात मॅडमनी ‘कशाच्या वाचनाची’ असा एक वेगळा रकाना वाढवून घेतला आहे. त्यात मी व्हॉल्यूमचे नाव लिहिले, आणि त्याखाली त्या मशिनला जोडलेल्या प्रत्येक माउंटची यादी जोडली.